व्हिएन्नाऐवजी नजमा

आम्हाला खरं तर व्हिएन्नाला जायचं होतं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी व्हिएन्नाचा अभ्यास सुरू केला. आयुष्यभर धरणांचे आराखडे तपासलेला माणूस, त्यामुळे सहलीचीही फाईल झाली. शहराच्या जुन्या भागात, ट्रामच्या थांब्याजवळ, दीडशे वर्षांचं एक लहानसं हॉटेल त्यांनी हेरून ठेवलं होतं. लाकडी जिना, उंच खिडक्या आणि पेन्शनीला झेपेल असं भाडं. नाशिकच्या घरी कुणी आलं की चहाच्या आधी त्या जिन्याचा फोटो पुढे येई.

जानेवारीत आमच्या मुलीचा, मृणालचा, दोह्याहून फोन आला. यंदा इकडेच या, युरोप कुठे पळून जात नाही, म्हणाली. मी म्हटलं, कतारला पुढे कधीतरी येऊ, वर्ल्ड कपला अजून जवळजवळ चार वर्षं आहेत, तोवर तुमचं शहर बांधून तरी होईल. ती म्हणाली, नाही, फेब्रुवारीतच या. तिच्या आवाजातली घाई मला ऐकू आली होती. पण लेकीची घाई आपल्याला भेटण्याचीच असणार, असं कुठल्याही आईला वाटतं. व्हिएन्नाची फाईल कपाटात गेली.

तिकिटं काढून झाल्यावर कळलं की पुण्याहून शैलाताई, म्हणजे माझ्या विहीणबाई, त्याच आठवड्यात येताहेत. व्याही जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्या एकट्याच असतात. जावई केदार एका कंत्राटदार कंपनीत इंजिनिअर, आणि दोह्याशेजारच्या अल रय्यानमध्ये कंपनीचाच दोन बेडरूमचा फ्लॅट. एका खोलीत ते दोघं, दुसरीत आठ वर्षांची नात ईरा. ईराच्या खोलीत एक आजी मावते. दोन आज्या आणि एक आजोबा मावत नाहीत. मग आठवडाभर फोनवर सौजन्याची लढाई झाली. शैलाताई म्हणाल्या, मी हॉटेलात उतरते, तुम्ही लेकीकडे राहा. मी म्हटलं, छे, मुलाचं घर ते तुमचं घर. ह्या लढाईत हरणारा घरात राहतो आणि जिंकणारा हॉटेलात. मी जिंकले.

हॉटेल केदारने शोधलं. त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'जुन्या दोह्याच्या मध्यभागी, ऐतिहासिक, परवडणाऱ्या दरात'. ते वाचून ह्यांचा चेहरा जरा उजळला.

नजमा

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे ऐतिहासिक हा शब्द मी जपून वापरते. आमच्या नाशकात दोन हजार वर्षांची लेणी आहेत आणि लोक ती बघून खाली उतरले की पहिल्यांदा मिसळ कुठे मिळते ते विचारतात. नजमा ह्या दोह्यातल्या जुन्या वस्तीतलं ते हॉटेल माझ्याहून वीस वर्षांनी धाकटं निघालं. म्हणजे त्यांच्या हिशोबाने मी प्राचीन.

पाच मजल्यांची पिवळट इमारत. एका बाजूला न्हाव्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला कॅफेटेरिया, समोर पत्र्यांचं उंच कुंपण आणि कुंपणापलीकडे क्रेन. कुंपणावर पुढे तिथे काय होणार त्याचं चित्र होतं. त्यात झाडं, कारंजी आणि पांढऱ्या कपड्यांतली सडपातळ माणसं. कुंपणाच्या अलीकडून खांद्यावर टॉवेल टाकलेली खरी माणसं बसच्या दिशेने चालली होती. आत लॉबीत काचेचं झुंबर आणि लाल मखमलीच्या खुर्च्या. मी ह्यांना हळूच म्हटलं, ह्याहून आपलं सरकारी विश्रामगृह बरं.

डेस्कमागे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ रजिस्टर लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "विश्रामगृहात चोवीस तास गरम पाणी नसतं, बाय."

असे आम्हाला पास्कल लोपीस भेटले. वसईचे. विशीत ह्या हॉटेलात सामान उचलायला लागले आणि अडतीस वर्षांत डेस्कमागच्या खुर्चीपर्यंत पोचले. हॉटेलचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. बांधलं तेव्हा आसपास ह्याच्याएवढी उंच इमारत नव्हती आणि गच्चीवरून समुद्र दिसायचा. पहिला मॅनेजर युरोप फिरून आलेला, त्याने सगळ्या खोल्यांना तिकडच्या शहरांची नावं दिली. गोष्टीत आम्हाला व्हिएन्ना मिळाली असती. आम्हाला ब्रसेल्स मिळालं. ह्यांनी चौकशी केली तेव्हा पास्कल खेदाने म्हणाले की व्हिएन्नाचा एसी बंद आहे.

ब्रसेल्स स्वच्छ होतं. भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र, खिडकीत क्रेन. नाश्त्याला ऑलिव्ह, दाट दही, भाकरीसारख्या फुगलेल्या रोट्या आणि 'फूल' नावाचा पदार्थ असे. फूल म्हणजे मोठ्या पावट्यांची लसूण-लिंबू घातलेली घोटीव उसळ. पहिल्या दिवशी ह्यांनी ती संशयाने चाखली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यात काळा मसाला घालून पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या केरळी आचाऱ्याने आमची मसाल्याची डबी मागून घेतली.

अल रय्यान

रोज दुपारनंतर आम्ही लेकीकडे जात असू. शैलाताई बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, बोलण्यात फाफटपसारा नाही. आम्ही दोघी एकमेकींशी इतक्या आदराने वागत होतो की शेवटचा लाडू तीन दिवस डब्यात राहिला. ईरा आमचं मराठी सगळं समजून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. मग शैलाताई आणि मी तिच्याशी इंग्रजी बोलायला लागलो, तेव्हा मात्र तिला ते समजेनासं झालं.

घर मला जरा रिकामं वाटलं. भिंतींवर फ्रेम काढल्याच्या फिकट चौकटी होत्या. दिवाणखान्यात सोफ्याऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मृणाल म्हणाली, रंगकाम काढायचंय. मी विश्वास ठेवला. नाशकात रंगकाम काढायच्या आधी आपण तीन महिने नुसती चर्चा करतो, ही माणसं आधीच सोफा हलवतात, ह्याचं मला कौतुकच वाटलं.

दोह्याचा जुना बाजार बघितला. तो काही वर्षांपूर्वी नव्याने जुना केलेला आहे. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, सगळं इतकं नीटनेटकं जुनं की आमच्या नाशकातल्या खऱ्या जुन्या बाजाराला लाज वाटावी. मग केदार आम्हाला एक नवीन स्टेडियम दाखवायला घेऊन गेला. स्टेडियम दुरून दिसलं. केदारने मात्र गाडी अलीकडेच रस्त्याकडेला थांबवली आणि खाली उतरून एक लोखंडी झाकण दाखवलं. त्याखालून पावसाचं पाणी जातं. वर्षातून जेमतेम चार दिवस पडणाऱ्या पावसासाठी केदारने इथे सात वर्षं पाइप टाकले होते. मला हसू आलं, पण ह्यांचा चेहरा मी लग्नानंतर प्रथमच इतका खुललेला पाहिला. सासरे-जावई त्या झाकणाशेजारी उकिडवे बसले आणि उतार किती ठेवला ह्यावर अर्धा तास बोलले. आम्ही दोघी विहिणी पर्स सांभाळत उन्हात उभ्या. ईरा गाडीत तोंड लपवून म्हणत होती, "सो एम्बॅरसिंग."

पहिला आणि दुसरा मजला ह्यांच्यामध्ये

बुधवारी दुपारी हे केळी आणायला खाली गेले आणि वर येताना लिफ्टमध्ये अडकले. लिफ्टही ऐतिहासिकच होती, सरकत्या लोखंडी जाळीच्या दाराची. ती पहिल्या मजल्याच्या थोडी वर जाऊन थांबली. जाळीतून ह्यांच्या चपला आणि केळ्यांची पिशवी तेवढी दिसत होती. पास्कलनी माझ्यासाठी खुर्ची आणली आणि स्वतः पायरीवर बसले. लिफ्टवाल्याला फोन केलाय, इन्शाल्ला येईल, म्हणाले. एव्हाना मला इन्शाल्लाचे प्रकार कळू लागले होते. हा अर्ध्या तासाचा होता.

ह्यांना एकटं वाटू नये म्हणून पास्कल मोठ्याने गप्पा मारत होते. वसईची केळी, दोह्याची केळी, मागच्या महिन्यात ह्याच लिफ्टमध्ये अडकलेला एक डॉक्टर. मग म्हणाले, "बरं झालं, तुमच्या जावयांना मी तळमजल्याचीच खोली दिलीय. त्यांना ही लिफ्टची भानगड नको."

मी विचारलं, कुठल्या खोलीबद्दल बोलताय?

"एप्रिलपासूनची. एकट्यासाठी, महिन्याच्या बोलीवर. तुमचं बुकिंग करायला आले होते तेव्हाच ठरवून गेले."

जाळीतल्या चपला हलायच्या थांबल्या.

पास्कलनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं का? मी म्हटलं, माहीत होतं. वर्गात सनावळी विसरले की मी अशीच ठामपणे बोलत असे.

थोड्या वेळाने कुणी काही न करता लिफ्ट चालू झाली. हे बाहेर आले, केळी जरा दबलीत म्हणाले, आणि आम्ही ब्रसेल्समध्ये गेलो. दार लावल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "एकट्यासाठी म्हणाला ना?"

मग मला सगळं दिसायला लागलं. भिंतीवरून उतरवलेल्या फ्रेम, गेलेला सोफा, फोनवरची घाई. आणि दोन्हीकडच्या माणसांना एकाच वेळी बोलावणं. शिकलेली माणसं लग्न मोडायचं ठरवतात तेव्हा असंच करत असणार. दोन्ही बाजूंना समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि शांतपणे सांगायचं. त्या संध्याकाळी मी लेकीकडे गेले ती दोघांवर नजर ठेवायलाच. केदार मृणालला विचारत होता, तुला चहा देऊ का. मृणाल त्याला सांगत होती, तू बस, मी करते. एवढी सभ्यता बघून माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. भांडली असती तर मला धीर आला असता.

हे म्हणाले, मृणालला सरळ विचार. मला धाडस झालं नाही. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी मात्र पूर्ण केली. शैलाताई काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणेन, लग्नात त्यांच्या मावसबहिणीने काय कुरबुर केली होती, सगळं काढून ठेवलं. इतिहासाची शिक्षिका असल्याचा हा एक फायदा.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी नजमा शांत होता. क्रेन बंद, रस्त्यावर गाड्या नाहीत. आम्ही नाश्ता करत होतो तेवढ्यात शैलाताई दारात उभ्या. एकट्या टॅक्सी करून आल्या होत्या. हॉटेल बघायचं होतं म्हणाल्या, पण त्यांनी झुंबराकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या टेबलाशी बसल्या, फूलची वाटी पुढे ओढली, दोन घास खाल्ले आणि चमचा ठेवला.

"नंदाताई, स्पष्टच विचारते. मृणाल ईराला घेऊन जायची आहे का?"

ईराच्या कपाटात त्यांना शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज सापडला होता, मार्चअखेरच्या तारखेचा. त्यावर मृणालची सही होती. मी त्यांना एप्रिलपासूनच्या खोलीचं सांगितलं. एकट्यासाठी, हेही सांगितलं. शैलाताईंनी टेबलावरच्या ऑलिव्हच्या बिया एकेक करून बशीत गोळा केल्या.

"माझ्या मुलाचं चुकलं असेल, तर मी त्याची बाजू घेणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे आधीच सांगून ठेवते."

माझी सगळी तयारी तिथेच वाया गेली. मी दोन दिवस फक्त माझ्या मुलीची बाजू तयार केली होती. ह्या बाई मोडक्या गुडघ्यांनी टॅक्सीत बसून आल्या होत्या, त्या मुलाविरुद्ध उभ्या राहायला.  मी त्यांच्या वाटीत थोडी उसळ वाढली.

अकरा वाजता केदार आम्हाला जेवायला न्यायला आला. भोजनगृहात आई, सासू आणि सासरे एका रांगेत बसलेले बघून त्याचा चेहरा उतरला. पास्कल किटली उचलून आत निघून गेले. शैलाताईंनी समोरची खुर्ची दाखवली. आम्हाला काय कळलंय ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही दोघं वेगळे होताय का?"

 केदार म्हणाला, "वेगळे? नाही गं आई. माझी नोकरी गेलीय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पाइप टाकून झाले, काम खलास. कंपनीने नोव्हेंबरात नोटीस दिली होती. जूनपर्यंत हिशोब-तपासण्यांसाठी ठेवून घेतलं होतं, पण फ्लॅट मार्चअखेर सोडायचा होता. एप्रिलमध्ये नव्या शाळेसाठी मृणाल आणि ईरा पुण्याला जाणार. मग एकट्यापुरती कमी भाड्याची जागा म्हणून हे हॉटेल. आम्हा दोन्हीकडच्यांना एकदम बोलावलं, कारण पुढच्या वर्षी इथे बोलवायला घर नसणार होतं. आणि आधी सांगितलं नाही, कारण आम्ही दोन आठवडे सुतकी चेहऱ्याने फिरलो असतो.

आधी शैलाताई हसल्या. मग मला आवरेना. कागदी रुमालाने डोळे पुसत आम्ही दोघी हसत होतो आणि केदार दुखावल्या चेहऱ्याने बघत होता.

"अहो, माझी नोकरी गेलीय," तो पुन्हा म्हणाला.

"ऐकलं रे," शैलाताई म्हणाल्या. "नोकरीच ना?"

हे तेवढे हसले नाहीत. त्यांनी केदारच्या पुढ्यात चहा सरकवला आणि म्हणाले की धरण पुरं झालं की आमच्याही छावण्या उठायच्या. पाणी आलं त्या दिवशी तिथे आपल्या ओळखीचं कुणी नसायचं.

शेवटचे दिवस

दुसऱ्या दिवशी शैलाताई बॅग घेऊन हॉटेलात आल्या. मुलांना घर आवरायला मोकळं सोडू, आणि मलाही जरा इतिहास बघू दे, म्हणाल्या. त्यांना ॲमस्टरडॅम मिळालं. सौजन्याची लढाई संपली होती. आता आम्ही शेवटच्या लाडवासाठी उघडपणे भांडत होतो. संध्याकाळी कॅफेटेरियातून कडक चहा यायचा, वेलदोडा घातलेला, आटवून जवळजवळ बासुंदी केलेला. पास्कलही कप घेऊन टेकायचे. घडलेल्या प्रकाराने ते फार ओशाळले होते आणि रोज आमच्या खोलीत जास्तीचे टॉवेल पाठवत होते.

त्यांच्याकडूनच कळलं की हॉटेलही जूननंतर बंद होणार. मालक ते पाडून तिथे तीस मजली हॉटेल बांधणार, वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी. म्हणजे केदार तिथल्या शेवटच्या काही गिऱ्हाइकांपैकी एक असणार होता. शैलाताईंनी विचारलं, मग तुम्ही? पास्कल म्हणाले, वसईला घर बांधून ठेवलंय, तीन सुट्ट्यांत मिळून त्यात आजवर चाळीस दिवस राहिलोय, आता कुठली खोली कशासाठी बांधली ते तरी बघेन.

विमानतळ

शैलाताई आमच्या आदल्या दिवशी गेल्या. आम्हाला पोचवायला मृणाल आणि केदार आले होते. सामान जास्त झालं म्हणून हे आणि केदार वजनकाट्यापाशी बॅगा उघडून बसले, आणि मी आणि मृणाल जरा बाजूला बाकावर टेकलो. तिने विचारलं, "आई, तुला खरंच वाटलं होतं, आम्ही वेगळे होतोय?"

वाटलं होतं, मी म्हटलं, आता आठवलं की हसू येतं.

मृणाल हसली नाही. "मागच्या जूनमध्ये ठरलंच होतं जवळजवळ," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. केदार पहाटे पाचला साइटवर जायचा तो ईरा झोपल्यावर यायचा. सुट्टीच्या दिवशीही फोन. एका घरात राहून दोघं एकमेकांना मेसेज पाठवायची, दूध संपलंय, फी भरलीय. तिने पुण्यातल्या एका वकिलाशी बोलूनही ठेवलं होतं.

"मग?"

"मग त्याचं काम संपत आलं. दुपारी चारला घरी यायला लागला. पहिले काही दिवस आम्हाला बोलायचं काय तेच कळेना. नुसता चहा पीत बसायचो." तिने तिकडे बॅगांशी बसलेल्या केदारकडे पाहिलं. "नोटीस आली त्या दिवशी तो रडला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरं वाटलं."

मी विचारलं, शैलाताईंना हे माहीत आहे का? ती म्हणाली, माहीत आहे. जूनमध्ये केदारनेच त्यांना फोनवर सांगितलं होतं आणि त्यांची बोलणीही खाल्ली होती. दाखल्याचा अर्ज बघून त्यांना वाटलं की सगळं पुन्हा सुरू झालं, म्हणून तर त्या शुक्रवारी धावत आल्या.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू पुढच्या विमानाने आली असतीस आणि मला घेऊन गेली असतीस."

 बॅग भरायला मला अर्धा तासही लागला नसता.

केदार ट्रॉली ढकलत आला. काळ्या मसाल्याची रिकामी डबी, खजुराचे डबे, सगळं बसवलंय म्हणाला, आणि पासपोर्ट हातात ठेवा. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. लग्न झाल्यापासून मी जावयाला अहो-जाहो करत आले. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "एप्रिलनंतर तू जेवणार कुठे आहेस?"

त्याच्या ते लक्षात आलं. मृणालच्याही आलं.

"खाली कॅफेटेरिया आहे ना, आई," तो म्हणाला.

मी म्हटलं, रोज बाहेरचं खाऊ नकोस, आणि रांगेत जाऊन उभी राहिले.